सहाणेवरचा फणसांबा

आत्ती शिराळ्याहून आली.
पिशवीतून आधी शेंगा काढल्या, मग काकवी,
मग दाराकडं एकदा बघून
पेपरात गुंडाळलेला तो :
वरून खुरासारखा काळा, खालून मधाच्या रंगाचा,
वाजवला तर लाकूड,
हुंगला तर कितीतरी दिवस बंद असलेली खोली.
"म्हाताऱ्या फणसावरचा हाय.
पोरांचं तोंड आलं की आमी उगाळून लावतो.
दादाच्या हाताला लाव.
कातडीच की ती बी, आतली काय आन भायेरची काय."

दादा म्हणजे माझे आण्णा. हिंदुराव.
एकतीस वर्षं त्रिचीच्या एका बोळात
सोनं गाळलं त्यांनी, दुसऱ्यांचं.
मूस, भट्टी, तेजाब,
आणि वर चढणारा तांबूस धूर.
बोटं पिवळी पडली ती कायमची.
लेंगऱ्यात कुणाचं लग्न असलं की कोणीतरी विचारायचंच,
हळद नवऱ्याला लागली का तुम्हाला?
आण्णा हसायचे. हात खिशात जायचे.

आता अंगठ्यावर एक रेघ नाही.
रेशनच्या मशीनला ते कोणीच नाहीत.
पायगोंडा म्हणतो, परत ठेवा. परत.
आण्णा ओठातल्या ओठात मोजतात, तिकडच्या भाषेत,
ओण्णु, रेंडु, मूणु, नालु,
अंजुला लाल दिवा.
मग मी पुढं होते,
गहू माझ्या अंगठ्यावर घरी येतात.

रात्री मोबाईलवर शोधलं.
असल्याच कुठल्याशा अळंबीची क्रीम,
पन्नास ग्रॅम, अठराशे रुपये.
चेहरा उजळतो म्हणे, वय थांबतं.
डबीवर एक बाई आहे,
गळ्यापर्यंतच.
तिला हातच नाहीत.

मी सहाण घेतली. चार थेंब पाणी.
फणसांबा काही लगेच देत नाही,
आधी नुसता खर्र खर्र आवाज देतो,
मग बऱ्याच वेळानं
कोऱ्या चहासारखा थोडा रंग.
तुपात कालवला.
आण्णा म्हणाले, राहू दे गं.
त्यांचे हात असे धरल्याचं मला आठवेना.
नाही, एकदा. विट्याच्या स्टँडवर,
गाडी हलल्यावर, खिडकीतून,
आणि तेव्हाही त्यांनीच आधी सोडवून घेतला.

पहिला महिना काही नाही.
चादरीला डाग, आईची बडबड.
मग खाज गेली.
मग टाचेसारख्या फुटलेल्या तळव्यातल्या भेगा
कडेकडेनं मिटत आल्या.
पिवळेपणा तसाच. तो जायचा नाही,
आत्तीही तसं म्हणाली नव्हती.
पण परवा जेवताना
आण्णांनी पानातली लिंबाची फोड उचलली
आणि पिळली. स्वतः.
आई वाढायची थांबली.
लिंबाचं पाणी बोटांवरून मनगटापर्यंत गेलं
आणि आण्णा भात कालवत राहिले,
जसं काही झालंच नव्हतं.

आज सोमवार. रेशन.
हिंमत करून त्यांनीच अंगठा पुढं केला.
नालुला मशीन जरा घुटमळलं,
दारात आलेल्याला ओळखीचा वाटतो पण नाव आठवत नाही, तसं.
पायगोंडा म्हणाला, आवं तेल पुसा की बोटाचं.
"त्याल न्हवं, औषिद हाय."
पुसलं नाही त्यांनी.
लाल दिवा.

मी सवयीनं पुढं झाले.
अंगठा ठेवला.
लाल.
पदराला पुसून ठेवला, लाल.
उजेडात धरून बघितला :
चार महिने रोज रात्री
सहाणेवर फणसांबा झिजला
त्याच्यासोबत मीही थोडी,
अंगठ्याचं टोक गुळगुळीत, नदीतल्या गोट्यासारखं.
मागं रांग कुजबुजायला लागली.
पायगोंडानं चष्मा कपाळावर चढवला.
आण्णांनी माझा अंगठा
दोन पिवळ्या बोटांत धरला,
काचेवर नीट टेकवला,
दाबला,
आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाले,
ओण्णु.