मानेवरचा वारा

हिंगण्याच्या एमआयडीसीमागे, तिसऱ्या मजल्यावर,
लेकाच्या फ्लॅटमध्ये फागूलाल इनवाते बसून असतात.
डावा डोळा नाही. गालावर छप्पन टाके,
कायदा यायच्या आधीच्या उन्हाळ्यातले.

मी सेमिनरी हिल्सच्या कचेरीतून आलेली,
खांद्यावर रेस्क्यू पथकाची पट्टी, हातात डायरी.
देवलापारकडच्या टेकड्यांत एक अस्वल आहे,
मोह वेचणाऱ्या दोघींना फाडलंय.
भुलीची सुई मारून लांब न्यायचंय.
साहेब म्हणतात, पिंजरा लावा, आत मधाचं पोळं ठेवा.

फागूलाल हसले. अर्ध्याच तोंडानं,
उरलेलं शिवलेलं आहे.
"आमिष लावते तो शिकारी नाही, पोरी.
हॉटेलवाला आहे."

मग टीव्हीचा आवाज बारीक करून
त्यांनी दिवाणावर उशांचा डोंगर रचला,
चादरीला चुणी पाडून नाला काढला.
"सकाऊन डोंगर श्वास सोडते, खाली.
ऊन चढलं का ओढते, वर.
मधात एक घडी अशी येते का तो कुठलाच नसते.
त्या घडीत हलायचं नाही.
अस्वलाची नजर माह्यासारखी, कान बी तसेच.
पण नाक? तू काल काय जेवली ते त्याले आज ठाऊक."

शी कशी वाचायची तेही सांगितलं.
काळी, आत उदईची डोकी, म्हणजे वारुळावर आहे.
पिवळी, आंबूस, म्हणजे मोहावर.
"पाऊल पाहून फसशील.
वाटन, कोणी बाई अनवाणी गेली."

आणि गाल? मी विचारलं.
ते वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत राहिले.
"वारा मानेवर लागला होता. समजलं होतं मले.
मांग वकीलसाहेब, सिव्हिल लाइन्सचे,
त्यायच्या सुटीचा शेवटचा दिवस.
म्हणलं, दहा पावलं तर आहे."

तीन दिवस मी समोरच्या धारेवर बसले,
नौशादची दुर्बीण, बाटलीतलं कोमट पाणी.
माकडं, एक भेकर, सरपणाच्या मोळ्या.
चौथ्या पहाटे वारूळ दिसलं, नुकतं फोडलेलं,
माती ओली, उदई अजून धावपळीत.
आणि मोहाखाली तो आवाज,
कुणी बशीतून चहा भुरकतंय तसा.

खालून चढले. श्वास खाली येत होता, माझ्या तोंडावर:
आंबलेली फुलं, ओलं घोंगडं.
चाळीस पावलं. तीस.
तिच्या पाठीवर केसांत दोन गाठी होत्या,
एका गाठीनं जांभई दिली.
वीस. सुई भरलेली.
ऊन शेंड्यावर आलं
आणि मानेवरचा घाम गार झाला.

दहा पावलं तर आहे.

मी बसले. मग मागे सरकले, बसल्या बसल्या,
ढोपरं सोलवटत, नाल्यापर्यंत.

अहवालात लिहिलं: प्राणी आढळला नाही.

मेडिकलच्या वॉर्डात कौतिका वरखडे,
डोक्याला पट्टी, एका कानानं ऐकते.
घावली का, तिनं विचारलं.
मी नाही म्हटलं.
ती भिंतीकडे वळली. म्हणाली,
"मोह सरायले अजून बारा दिवस आहेत.
घरी दुसरं कोण जाईन वेचाले?"

तिथून थेट हिंगण्याला.
फागूलालनी माझी बाही नाकाशी धरली.
"जवळ गेली होती तू."
हो.
"पिल्लं?"
दोन. पाठीवर.
"मंग?"
वारा फिरला.

ते उठले, पंखा बंद केला.
खोलीत अचानक खालच्या पोरांचा क्रिकेट ऐकू आला,
कुणाचा तरी कुकर.
शाबासकी दिली नाही, रागावलेही नाहीत.
उशा पुन्हा रचल्या, या वेळी उलट्या बाजूनं,
नाला भिंतीकडे नेला,
आणि त्यावर बोट ठेवून म्हणाले,
"उद्या इकडून जा. दोन तास आधी.
अन् अंगाले साबण लावू नको."