प्रकाशक : अज्ञात

दुपारचे अडीच. लिलाव चारला.
हर्णै बंदर, बर्फाच्या कारखान्यावरची सोसायटीची कचेरी.
नव्या संगणकाचा थर्मोकोल अजून पायात घोटाळतोय
आणि पडद्यावर निळी पाटी :
प्रकाशक अज्ञात.
तुमच्या सुरक्षिततेसाठी थांबवले आहे.

मोरेश्वर चोगले, सेक्रेटरी, चष्मा कपाळावर :
"अज्ञात म्हणजे? हा आपल्या हरेशचा प्रोग्राम.
पाजपंढरीच्या द्वारकाबाईचा हरेश.
बापाच्या क्रेटांचा हिशोब जुळेना म्हणून लिहिला त्यानं,
होड्या शाकारलेल्या होत्या त्या दोन महिन्यांत.
सांग की त्याला."
सांगते काका. ऐकत नाही ते.

मी दापोलीहून येते.
पहिल्यांदा या जेटीवर स्कूटी लावली तेव्हा
कोळंबी सोलणाऱ्या बाईनं मान वर न करता विचारलं होतं,
"कोनाची गो तू?"
मी बाबांचं नाव सांगितलं. मग आडनाव. मग वाडी.
आजोळाशी आले तेव्हा तिचा हात थांबला.
"म्हंजे इंदूची नात. मग जा की वर."

यंत्रही तेवढंच विचारतंय.
फक्त आजोळ सांगून भागत नाही.

"अधिक माहिती" अशी एक ओळ असते, अंग चोरून बसलेली.
ती दाबली तरच खाली उगवतं : तरीही चालवा.
चालवलं.
तर अँटिव्हायरसनं फाईल उचलून कोठडीत टाकली.
सोडवायला गेले तर म्हणे, आधी प्रशासक व्हा.
प्रशासकाचा पासवर्ड संगणक विकणाऱ्याकडे,
तो चिपळूणला लग्नात, मागे बँजो.
"शून्य की ओ?"
"ओ, ताई, ओ! ऑरेंजचा ओ!"

काका म्हणतात, सगळंच बंद करून टाक ते संरक्षण,
कशाला डोक्याला ताप.
मागच्या शिमग्याला कोणीतरी तेच केलं होतं,
एका फुकटच्या पंचांगासाठी.
तीन दिवसांनी फाईलीफाईलीला कुलूप
आणि कुलपावर डॉलरमध्ये आकडा.
नव्वद खलाशांच्या उचलीचा हिशोब मग तोंडीच लावला,
आठवून, भांडून. दोघे अजून एकमेकांच्या होडीवर चढत नाहीत.
म्हणून नाही, काका.
दार एकच उघडायचं, तेही एवढ्या एका फोल्डरपुरतं.

हरेशला फोन लावला. दोहा. रात्रपाळी करून झोपलेला.
"सही विकत घ्यावी लागते, ताई, दर वर्षी पैसे भरून.
तेव्हा परवडत नव्हतं.
आता परवडेल, पण बाबांची होडीच विकली."
एसीची घरघर. मग एकदम जागा झाल्यासारखा,
"म्हणजे ते चालतंय अजून?"

काल रात्रीपर्यंत चालत होतं, जुन्या डबड्यावर,
ज्याला कोणावर संशय घ्यायची अक्कल नव्हती.

पावणेचार. आता पाटी पिवळी.
या अज्ञात प्रकाशकाला बदल करू द्यायचे का?
काका माझ्याकडे बघतात, मी पाटीकडे.
होय.

आणि उघडलं.
बांगड्याच्या पाठीसारखी हिरवट खिडकी, वर नाव :
द्वारकाबाई मत्स्य हिशोब.
खाली बारीक अक्षरात
हरेश गणपत पावसे, विठ्ठल मंदिराच्या मागे,
पाजपंढरी, तालुका दापोली,
आणि शेजाऱ्यांचा लँडलाइन नंबर, पुढे कंसात "निरोप द्यावा".
सगळं होतं आत.
दारात विचारलं तेव्हा तेवढं बाहेर आलं नाही.

खाली घंटा झाली. क्रेट ओढल्याचे आवाज.
काकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि खिडकीतून आलेला आकडा
एका बोटानं टिपला :
हलवा, सात किलो दोनशे.
पुढच्या चौकटीत आडवी रेघ लुकलुकत थांबली :
माल कोणाचा?