जाणकार

कायद्याच्या पुस्तकात एक माणूस राहतो.
त्याला नाव नाही, पगार नाही, पाठदुखी नाही.
टोनरवर छापलेलं सगळं त्यानं वाचलंय,
जपानी, जर्मन, सगळं,
आणि जन्मात एकदाही
त्याला काही सुचलेलं नाही.

त्याला जे उघड दिसेल
त्याचं पेटंट मिळत नाही.

मंगळवारी सुनावणी झाली, पडद्यावर.
मी मकरपुऱ्यात, लॅबमध्ये, पंखा बंद करून
(भुकटी उडते).
समोरचे वकील भले गृहस्थ.
म्हणाले, पहिल्या कागदात मेण आहे,
दुसऱ्यात सिलिका,
शेजारी ठेवले की जाणकाराला कळतंच.
मग खास माझ्यासाठी, मराठीत:
बाई, हातच्या कांकणाला आरसा कशाला?

लॅबमध्ये मी बांगड्या घालत नाही.

त्या जाणकाराला एकदा इथे आणायला हवं होतं.
विश्वामित्रीची ओल भिंतीतून चढते
आणि अख्खी बॅच गुळाच्या ढेपेसारखी
बसून राहते, त्या दिवसांत.
द्यायचा त्याच्या हातात हातोडा.

त्या रात्री वीज गेली.
पांचाळभाई भांडं तसंच सोडून घरी गेले,
मुलीला ताप होता.
दोन्ही कागदांत लिहिलंय, लगेच थंड करा.
आमचं रात्रभर निवत राहिलं, खिचडीसारखं.
सकाळी मी शिव्या देत झाकण काढलं
आणि भुकटी चाळणीतून
मोहरीसारखी धावली.

मेण दाण्याच्या पोटात जाऊन बसलं होतं.
का, ते कळायला अडीच वर्षं.
तीनशे सत्त्याऐंशी नमुने.
पांचाळभाईंचा रुमाल अजून काळा निघतो.

खरं सांगू?
आता मलाही ते उघडच दिसतं.
इतकं, की पहिली दोन वर्षं
मी काय करत होते
ते आठवत नाही.
हे मी आमच्या वकिलांना सांगितलेलं नाही.

आज निकाल आला.
रावपुऱ्यात, शिर्केंच्या झेरॉक्सवर प्रत काढली,
अकरा पानं, बावीस रुपये.
सातव्या पानावर तो शब्द.
त्यावरून अंगठा फिरवला, सवयीनं,
जोर लावून.

थोडा पुसला गेला.

आमचा टोनर नव्हता.