बिनझाडांच्या बेटावर

आमच्या बेटावर झाड नाही.
म्हणजे शाळेमागे चार आहेत, भिंतीआड वाकून उभी,
वारा गेला का ते डोकावून बघणारी.
लाकूड आम्हाला समुद्र देतो:
नॉर्वेकडून, कदाचित त्याच्याही पलीकडून,
मिठात मुरलेलं, भेगांत वाळू भरलेलं,
पोटात कुणाचे तरी खिळे घेऊन.

मी फेरीबोटीवर गाड्या लावतो.
येलहून मोठ्या बेटाकडे, वीस मिनिटं, मग परत.
या हिवाळ्यात जादा पाळ्या बऱ्याच पडल्या.
छपराचे पत्रे झाले, मेंढ्यांचं औषध झालं,
ऑस्लाच्या दाढेचं झालं,
आणि बिस्किटांच्या डब्यात तरीही
चारशे दहा पाउंड उरले.

लागणारा पैसा गप्प असतो. येतो, जातो.
उरलेला फार बोलतो.
रात्री डब्यात कूस बदलतो.

कॅटलॉगातलं ते पान मी इतक्यांदा पाहिलं
की तो आपोआप तिथेच उघडायला लागला:
बिडाचं अंग, पितळी चाकी,
जाड पातं, चेरीच्या लाकडाची मूठ.
तीनशे पंच्याऐंशी.
हौसेला मोल नसतं म्हणतात.
हिला होतं. टपालखर्च वेगळा.

माझा जुना रंधा गिबीकडचा.
त्याच्या गोठ्यात तो दाराला टेकण म्हणून होता,
चाळीस वर्षं वारा अडवून थकलेला.
ढलपी काढत नाही, लाकडाचे चावे घेतो.
नाचता येईना, अंगण वाकडं. कबूल.
पण मी पोलादी पट्टी त्याच्या तळाला लावली,
दिव्यासमोर धरली,
आणि पट्टीखालून उजेड आला.
अंगण खरोखरच वाकडं होतं.

गिबी म्हणाला, "समुद्राच्या लाकडावर
महागाचा रंधा?
एका खिळ्यात बुडतील तुझे तीनशे पंच्याऐंशी."
त्याचं वय एक्याऐंशी. तो सहसा चुकत नाही,
आणि हेच त्याच्याबद्दल मला आवडत नाही.

मग तीन रात्री
काचेवर पॉलिशपेपर चिकटवून तळ घासला.
काळं पाणी, काळी बोटं,
रेडिओवर वादळाचे इशारे.
चौथ्या रात्री पट्टीखालून उजेड आला नाही.
अंगण सपाट.
ढलपी तरीही तुटकीच.
राहता राहिलो मी.

इथे प्रश्न मिटला असं वाटलं.
पैसे बँकेत टाकतो, असं ऑस्लाला सांगूनही झालं.

गुरुवारी मॅग्नी इंकस्टरची व्हॅन बोटीवर चढली.
सुतार माणूस, मागचं दार उघडंच.
मी बघतोय हे त्यानं बघितलं.
दोन गाड्यांच्या मधल्या जागेत
पॅलेटची फळी गुडघ्याखाली दाबून
मी तो रंधा एकदाच ढकलला. एकदाच.
पाणी उकळायच्या जरा आधी
किटली करते तेवढाच आवाज.
वर आलेली ढलपी इतकी पातळ
की तिच्यातून मॅग्नीचं नारिंगी जाकीट दिसलं.
वाऱ्यानं ती उचलली, सामुद्रधुनीवर नेली.
मी बघत राहिलो
आणि धक्क्याला लागल्यावर
एका ट्रॅक्टरला उतरायची खूण द्यायची विसरलो.
इंजिन चालू ठेवून बिचारा नुसता बसून.

ऑस्ला म्हणाली, "या आठवड्यात अकरा वेळा
डबा उघडलास. झाकण ढिलं झालंय.
घेऊन टाक एकदाचा,
बिस्किटं मऊ पडायला लागली."

पुढच्या मंगळवारी कुरिअरची गाडी आली.
मीच हात दाखवून तिला पुढे घेतली,
मीच चाकांखाली ठोकळे सारले,
भाडंही मीच घेतलं, पूर्ण.

खोकं अजून जेवणाच्या टेबलावर, चिकटपट्टीसकट.
मी आधी शेडमध्ये गेलो.
किनाऱ्यावरून दोराने ओढून आणलेली तुळई,
तिच्यावरून जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक फिरवत राहिलो,
हळू, बोटभर बोटभर, गाठींवरून, भेगांवरून.

टक्.