फलानुभवी

निपाणी नगरपालिका, हिशेब शाखा.
टेबलावर खर्चाचा दाखला आलाय, कन्नडमध्ये, अर्थात.
एक कोटी चौऱ्याऐंशी लाख:
दवाखान्यामागची कचराभट्टी, तिच्या शेजारचा बॉयलर,
धूर धुणारं पिंप,
आणि चिमणी आणखी अकरा मीटर वर.
सगळं जुळलं. शिल्लक अकराशे चाळीस रुपये,
ते चलनानं परत धाडायचे.

रकाना नववा: फलानुभवींची संख्या.
मराठीत आपण लाभार्थी म्हणतो,
हात पुढे केलेला माणूस दिसतो त्या शब्दात.
फलानुभवी म्हटलं की वाटतं
कुणीतरी खरंच चावून बघितलंय.

म्हणून दुपारी चालत भट्टीवर गेले.
सत्याप्पा हुद्दार पिंपाची तोटी सोडत होता,
खाली काळं पाणी, शाईसारखं दाट.
"आधी हे आमच्या नरड्यात साठायचं," म्हणाला,
"आता पिंपात साठूलालंय. एवढाच फरक बघा, बाई."

आणि करंट गेला की?
हसला.
करंट गेला की पंखा थांबतो
आणि धूर जुन्या वाटेनं वर जातो, सवयीनं.
यंत्राला अनुदान आहे. विजेच्या बिलाला नाही.
जनरेटरची फाईल बेळगावला गेलीय,
ती गेली तेव्हा मी या टेबलावर नव्हते.

कंपाउंडच्या भिंतीला एक पेरू आहे.
फळं वर्षानुवर्षं काजळ ल्यालेली,
पोरंसुद्धा हात लावत नव्हती.
यंदा पहिल्यांदा चोरीला गेली.
एक सत्याप्पानं राखला होता, तो मला दिला.
मी घासून धुतला. पाणी स्वच्छच निघालं.
परत धुतला.

रकान्यात इंजिनियर सांगतात तीच संख्या लिहिली,
बासष्ट हजार आणि वर काही,
पंधरा वर्षांमागच्या शिरगणतीतली.
तिच्यात भरमू वाघूकर आहे,
सत्याप्पाच्या आधी सतरा वर्षं
याच भट्टीच्या तोंडात फावडं घालणारा,
पेन्शनला चार महिने उरले असताना
खोकत खोकत संपलेला.
त्याला त्या आकड्यातून कुणी वगळलेलं नाही.
मीही नाही वगळलं.

खाली सही. तारीख. गोल शिक्का.
दाढेत पेरूची एक बी अडकलीय,
जीभ सारखी तिकडंच जाते.