पेन्सिलीची फुली

कंपनी माझ्या नावावर आहे
हे मला बँकेत कळलं,
फोटो काढायचाय म्हणून नेलं होतं तेव्हा.
बाईच्या नावावर व्याज कमी लागतं म्हणे.
यांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला
शेवटचं पान वर दुमडून,
आणि सही कुठे करायची
तिथे पेन्सिलीनं बारीक फुली.

नऊ वर्षं मी फुल्यांवर सह्या केल्या.
कळण्याची भाकर तव्यावर असायची,
हात पदराला पुसायचा, सही करायची.
एका सहीत एक्सट्रूडर आला,
एका सहीत जळगावच्या एमआयडीसीत शेजारचा प्लॉट.
एकदा चेकला पिठाचं बोट लागलं.
तो चेकही वटला.

नोटीस मात्र फुली नसलेली आली.
श्रीमती हर्षलता मुकुंदा वारके, प्रोप्रायटर,
स्वतः हजर राहावे.
लग्नपत्रिकेनंतर
माझं एवढं पूर्ण नाव कुणी छापलं नव्हतं.

जीएसटीच्या ऑफिसात अधिकारी बाई होत्या,
माझ्याहून लहान.
म्हणाल्या, यांना बाहेर बसू द्या.
दाणा काय भावानं येतो?
माहीत नाही.
एका चटईचं वजन?
माहीत नाही.
कामगार किती?
बरेच, म्हटलं मी.
त्यांनी ते लिहिलं नाही.
पेन खाली ठेवलं आणि माझ्यासाठी पाणी मागवलं.

त्या पाण्याची लाज
घरी येईपर्यंत उतरली नाही.

दुसऱ्या दिवशी रिक्षानं गेले.
मे महिना. बाहेर पंचेचाळीस,
आत मशीनपाशी किती ते विचारू नका.
वॉचमननं विचारलं, कुणाकडे काम आहे?
मी बोर्डाकडे बोट केलं, वारके चटई उद्योग.
आडनावावर आत सोडलं.

पारोळ्याची छबाबाई
लूमवर पहिल्या दिवसापासून.
तिनं तुटलेली नळी जोडायला शिकवलं,
माझी बोटं दोनदा भाजली.
मला जमेल का गं, विचारलं तर म्हणाली,
"मशीनले हात समजस माय,
मालक कोन शे ते नई समजस."

मग एकेक कळत गेलं.
निळा रंग महाग, म्हणून
चटईवरचे मोर वर्षागणिक बारीक झाले होते.
जुना दाणा जास्त मिसळला की
चटई घडीवर तडकते,
आणि गिऱ्हाईक तक्रार करत नाही,
नुसतं परत येत नाही.
हे कुठल्याच कागदावर नव्हतं.

मोम्बासाहून फोन आला.
"सर को दीजिए."
मी फोन उजव्या कानावरून डाव्या कानावर घेतला.
म्हटलं, बोलिए.

हे वाईट नाहीत, खोटं कशाला बोलू.
अजून कागद आणतात तसेच,
शेवटचं पान दुमडून, फुली घालून.
हाताला वळणच पडलंय.
मी घडी सरळ करते,
पहिल्या पानापासून वाचायला घेते.
मला वेळ लागतो.
तोवर हे खिडकीशी उभे राहून
बाहेरच्या ट्रकचे नंबर वाचतात.

पहिल्याच दिवाळीत मी एक ऑर्डर
तोट्यात घेतली. माझीच चूक,
भाडं धरायचं राहिलं.
पगार आठ दिवस लांबले.
कुणी काही बोललं नाही.
फक्त त्या आठवड्यात
सगळे मोर वाकडे निघाले.

कामगार एकोणचाळीस, मॅडम.
आता तुम्ही विचारणार नाही,
तरी सांगते.
त्यात मला धरायचं की नाही
ते अजून ठरलेलं नाही.
छबाबाईला विचारलं
तर ती लूमकडे बघते.