शेऱ्याचा रकाना

सोहार. जूनची रात्र, साडेअकरा वाजता अडतीस अंश.
कंटेनरमधल्या ऑफिसात एसी खोकतोय
आणि टेबलावर अठरा फॉर्म.
गुरुवारपर्यंत, नासर साहेब म्हणाले,
प्रत्येकाला दहापैकी गुण आणि शेवटी एका ओळीचा शेरा.
त्यांचंही चूक नाही. नऊ संघांत आठवे आलो.
पगार एकदाही थकवला नाही त्यांनी,
टर्फवर टँकरचं पाणी मारलं, तेही पिण्याच्या पाण्याच्या भावाने.

पेनल्टी कॉर्नर एकेचाळीस. गोल चार.
हे वरच लिहून टाकतो,
म्हणजे पोरांना पाठीशी घातलं असं कोणी म्हणायला नको.
पाचाच्या खाली गेला की परतीचं तिकीट.
हे मात्र फॉर्मवर कुठे लिहिलेलं नाही.

तन्वीर, गोजऱ्याचा. एकेचाळीसपैकी तेहतीस फ्लिक त्याच्या.
डिसेंबरपासून कंबर धरून चालतो.
मला सांगितलं, फिजिओला नाही,
कारण फिजिओचा कागद वर जातो.
मीही गप्प बसलो, आणि दर शनिवारी
त्यालाच डीच्या टोकाला उभं केलं.
साडेचार. खोडतो. पाच.

सोमय्या, कुर्गचा, राइट हाफ.
सगळं नीट करतो. सगळं उशिरा.
बॉल थांबवून असा बघतो
जसं पाकिटावर नाव कोणाचं आहे ते वाचतोय.
सहा.

हिलाल इथलाच, बलुची, बाप मासेमार.
सकाळच्या सरावाला कधीच वेळेवर नाही,
आला की हातांना सुरमईचा वास.
चार.
चार त्याला परवडतात. त्याचं घर
या दिव्यांपासून पायी दहा मिनिटांवर आहे.
खरं तर हाच विचार करून मी सगळ्यांना गुण देतोय,
आणि हे हॉकीचं मूल्यमापन नव्हे, मला कळतं.

मेल्विन डाबरे. वसई. गोलकीपर. छत्तीस.
शेवटच्या शूटआउटनंतर पॅड न काढता
बसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसला.
"सर, मी आधी पडलो. तो हलायच्या आधी."
मराठीत म्हणाला, म्हणून कोणाला समजलं नाही.
मला समजलं. मी खडकीत अकरा वर्षं गोलात उभा होतो.
गुडघ्यांवरचा भरवसा उडाला की माणूस
अंदाजावर पडतो. दोनदा जमतं.
मला कोणी फॉर्म दिला नव्हता.
निवड समितीतल्या एकाने पानाच्या टपरीशी
चुना मळता मळता सांगितलं,
"आता पोरांना शिकव."
घरी जाईपर्यंत मला ती बढती वाटली होती.

शेरा: आधी पडतो.
एवढंच लिहिलंय. गुण सुचत नाहीत.

बाहेर काहीतरी फुसफुसलं.
सीझन संपला तरी फवाऱ्यांचा टायमर
बंद करायचा कोणीच केला नाही.
रिकाम्या मैदानावर महागाचं पाणी उडतंय,
पलीकडे बंदराच्या क्रेनचे लाल दिवे.
व्हॉल्व्ह बंद करायला गेलो, चप्पल घसरली,
निम्मा भिजून आलो. एसीत कुडकुडत
शेवटचा फॉर्म ओढला.

लुगुन, सुंदरगडचा, एकोणीस वर्षांचा.
सोळा सामने, गोल शून्य, पासही शून्य.
व्हिडिओ मी एकट्याने बसून पाहिले, दोनदा.
उजव्या बाजूला, स्टिक टेकवून,
हात वर करून, मोकळा. एकशे बारा वेळा.
त्याला हिंदी जेमतेम येतं, ओरडून मागत नाही.
मीही कधी बाहेरून ओरडलो नाही, त्याला द्या म्हणून.
स्कोअर बघत होतो.

त्याला आठ.
साहेब चश्मा वर करून विचारतील, शून्य गोलवाल्याला आठ?
म्हणेन, हो.
म्हणेन, मोजलंय.